पॅलिओ खाताय, मग हा महागडा प्रोटीन शेक त्यात बसतो का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. न्यू जर्सीत राहणारे एक गृहस्थ आहेत, मूळचे सांगलीचे, वय ४१, वजन ८० किलो. आठवड्यातून चार दिवस क्रॉसफिट या जोरदार व्यायामाच्या जिमला जातात आणि काही महिन्यांपासून पॅलिओ खातायत, म्हणजे शेतीच्या आधीचा आदिमानव खायचा तसं, धान्य, डाळी, दूध-दही, साखर सगळं बंद. कोचने त्यांना व्हे प्रोटीन सोडायला लावलं कारण ते दुधाचं, आणि त्याऐवजी डब्यावर 'पॅलिओ' छापलेली पावडर सुरू करायला सांगितली, बोन ब्रॉथ (हाडांचा अर्क) आणि कोलॅजनची (कातडी-हाडांतलं प्रोटीन). डबा ६४ डॉलरचा, त्यात २० स्कूप, रोज दोन घेतात. विचारतायत की हे खरंच पॅलिओत बसतं का, एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का, बायको शाकाहारी आहे पण अंडं खाते तर तिलाही हेच द्यावं का, आणि दिवाळीत सांगलीला येताना भावासाठी एक डबा आणू का.

पॅलिओची जी काय चालतं काय नाही अशी यादी असते त्यात तुमची पावडर बसते. पॅलिओमागचा जो विचार आहे त्यात ती बसत नाही. आणि तुम्ही ज्यासाठी घेताय, म्हणजे स्नायू टिकवायला आणि वाढवायला, त्या कामात ती तुम्ही सोडलेल्या व्हेच्या जवळपाससुद्धा येत नाही. बायकोला देऊ नका आणि भावासाठी आणू नका. आता का ते सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न मला जिमला जाणाऱ्या तरुण पोरांपासून पन्नाशीतल्या बायकांपर्यंत सगळे विचारतात आणि बहुतेकांना दुकानदार नाहीतर ट्रेनर यांच्याकडूनच काय ती माहिती मिळालेली असते. मी बरीच वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, पुण्यात बसते, परदेशातले मराठी लोकही बोलतात माझ्याशी, आणि प्रोटीन पावडरवर लोकांचा जेवढा पैसा वाया जाताना बघते तेवढा दुसऱ्या कशावरच नाही.

पॅलिओ आला कुठून ते आधी बघू. १९८५ मध्ये बॉइड ईटन नावाचे रेडिओलॉजिस्ट आणि मेल्विन कॉनर हे मानववंशशास्त्रज्ञ, दोघांनी मिळून न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक लेख लिहिला. मुद्दा असा की आपलं शरीर घडलं ते शेती सुरू व्हायच्या आधीच्या लाखो वर्षांत, आणि आपण खातो ते पदार्थ मात्र फार अलीकडचे, त्यामुळे मधुमेह, हृदयविकार वगैरे. त्या काळातला माणूस कॅलरीजपैकी साधारण एक तृतीयांश प्रोटीनमधून मिळवत असावा असा त्यांचा अंदाज होता. पुढे २००० नंतर हा आहार क्रॉसफिटच्या जिममधून भराभर पसरला, आणि तिथेच त्याची गाठ प्रोटीन पावडरीशी पडली. आहार म्हणतो की माणसाने प्रक्रिया न केलेलं साधं अन्न खावं, आणि तो खाणारी मंडळी अशी की ज्यांना व्यायाम झाल्या झाल्या शेकरमध्ये काहीतरी हलवून प्यायची सवय. कंपन्यांना हे लगेच कळलं.

अश्मयुगात सगळीकडे एकच ताट होतं असं समजू नका. जॉर्डनमध्ये शुबायका नावाच्या जागी सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडलेत, म्हणजे शेती सुरू व्हायच्याही काही हजार वर्षं आधीचे, त्यामुळे धान्य कोणी खातच नव्हतं हे खरं नाही. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे साधारण २५,००० वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळालीयत, नक्षी कोरलेली आणि मणी केलेली, म्हणजे तेव्हा खानदेशात शहामृग फिरत होते आणि माणसं त्यांची अंडी वापरत होती. मला ही गोष्ट फार आवडते. जिथे जे मिळालं ते माणसाने खाल्लं, समुद्राकाठी मासे, जंगलात कंद, माळावर शिकार.

पण तरीही पॅलिओत घेण्यासारखं काहीतरी आहे असं मला मनापासून वाटतं. बिस्किटं, फरसाण, गोड चहा, पॅकेटमधलं खाणं, हे सगळं एका झटक्यात बंद होतं आणि ताटात भाज्या, मासे, अंडी, फळं येतात. माझ्याकडे आलेल्या लोकांना पॅलिओचा जो काही फायदा झाला तो बहुतेक यातूनच झाला. म्हणून एखादी गोष्ट पॅलिओत बसते का हे ठरवताना मी तरी यादी बघत नाही, मी बघते की ती अन्न आहे का कारखान्यात वेगळा काढलेला एखादा घटक आहे. नुसतं प्रोटीन ही गोष्ट तर त्या माणसांना नकोशीच होती, त्यांना चरबी आणि नळीतला मगज हवा असायचा. स्टेफान्सन नावाचे एक आर्क्टिक संशोधक होते, एस्किमो लोकांबरोबर बरीच वर्षं राहिलेले. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर फक्त मांसाच्या आहाराचा प्रयोग झाला. सुरुवातीला त्यांना चरबी काढलेलं कोरडं मांसच दिलं तर दोन-तीन दिवसांत मळमळ आणि जुलाब सुरू झाले, चरबी दिल्यावर बरे झाले आणि मग वर्षभर तसेच राहिले. त्यामुळे 'आदिमानवासारखं ९० टक्के शुद्ध प्रोटीन' असं कोणी डब्यावर लिहिलं तर ते वाक्य मुळातच चुकीचं आहे.

आता पावडरींकडे येऊ, एकेक बघू. व्हे म्हणजे चीज किंवा पनीर करताना दूध फाटल्यावर जे पिवळट पाणी उरतं त्यातलं प्रोटीन. दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. ते पाणी बारीक जाळ्यांतून गाळून, आटवून, गरम हवेत फवारून पावडर करतात, कॉन्सन्ट्रेटमध्ये ८० टक्क्यांपर्यंत प्रोटीन आणि आयसोलेटमध्ये ९०च्या आसपास, लॅक्टोज जवळजवळ संपलेलं. म्हणजे दुधाचंच आहे, कडक पॅलिओत नाही चालत, कोच नियमाने बरोबर बोलला. वाटाण्याचं प्रोटीन, सोयाचं प्रोटीन, ही कडधान्यं, नाही चालत. तांदळाचं प्रोटीन, धान्य, नाही चालत. गंमत म्हणजे 'प्लान्ट पॅलिओ' अशा नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांतही कधी कधी मागे वाटाणा लिहिलेला असतो, मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका. भोपळ्याच्या बियांचं किंवा हेम्पच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या) बियांचं चालतं, पण त्यात एका स्कूपला प्रोटीन कमी मिळतं, लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि चव गवतासारखी लागते असं बऱ्याच जणांचं म्हणणं.

उरली अंड्याच्या पांढऱ्याची पावडर, आणि तुमची ती बोन ब्रॉथ, कोलॅजन, बीफ प्रोटीन वाली जमात.

इथे नीट लक्ष द्या कारण सगळा घोळ इथेच आहे. कोलॅजन म्हणजे कातडी, हाडं, कूर्चा यातलं प्रोटीन, जिलेटिनचंच आणखी तुकडे केलेलं रूप. बोन ब्रॉथ पावडर म्हणजे हाडं उकळून काढलेला अर्क वाळवलेला, त्यातलंही बहुतेक प्रोटीन कोलॅजनच. आणि 'बीफ प्रोटीन आयसोलेट' असं ज्याला म्हणतात ते ऐकून वाटतं की मांसाची पावडर केली असेल, पण बऱ्याच डब्यांत तेही कातडी-हाडांचंच निघतं. आपल्या शरीराला जी नऊ अमिनो आम्लं अन्नातूनच घ्यावी लागतात त्यातलं ट्रिप्टोफॅन कोलॅजनमध्ये अजिबात नसतं. या नवांपैकी एक जरी अजिबात नसलं तरी त्या प्रोटीनची गुणवत्ता शून्यावर येते, मोजायची पद्धतच तशी आहे. शिवाय स्नायू बांधायचं काम सुरू करणारं जे ल्युसिन, ते व्हेमध्ये १० टक्क्यांच्या आसपास असतं आणि कोलॅजनमध्ये ३ टक्क्यांच्या आत. व्हेच्या २५ ग्रॅम प्रोटीनमधून अडीच ग्रॅमच्या आसपास ल्युसिन मिळतं, तेवढंच कोलॅजनमधून घ्यायचं तर चार-पाच स्कूप लागतील. म्हणजे दोघांच्या डब्यावर '२० ग्रॅम प्रोटीन' लिहिलेलं असलं तरी ते २० आणि हे २० सारखे नाहीत.

हे तुम्ही घरच्या घरी तपासू शकता. अमेरिकेतल्या डब्यावर पोषणाचा जो तक्ता असतो त्यात प्रोटीनच्या ग्रॅमसमोर उजवीकडे रोजच्या गरजेची टक्केवारी असते ती बघा. रोजची गरज ५० ग्रॅम धरलेली असते, आणि ही टक्केवारी काढताना प्रोटीनची गुणवत्ता धरूनच काढावी लागते, नुसते ग्रॅम भागून चालत नाही. चांगल्या २० ग्रॅम प्रोटीनसमोर ४० टक्के दिसेल. कोलॅजनच्या डब्यावर २० ग्रॅमसमोर शून्य टक्के किंवा अगदी बारीक आकडा दिसतो. म्हणजे कंपनीने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, आपण फक्त तिकडे बघत नाही. दर्शनी बाजूला प्रोटीनचा दावा केला असेल तर ही टक्केवारी छापावी लागते, त्यामुळे जागा रिकामी दिसली तर मी तो डबा परत शेल्फवर ठेवेन. दुसरी खूण म्हणजे अमिनो आम्लांची यादी दिली असेल तर त्यात ग्लायसिन शोधा, मांसात ते ५ टक्क्यांच्या आसपास असतं, कोलॅजनमध्ये २० टक्क्यांच्या पुढे. 'बीफ प्रोटीन' म्हणवणाऱ्या डब्यात ग्लायसिन सगळ्यात वर असेल तर तुम्ही मांसाच्या पैशात जिलेटिन घेताय.

कोलॅजन वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. गुडघेदुखीत काही लहान अभ्यासांमध्ये थोडाफार फायदा दिसलाय, कोणाला तेवढ्यासाठी घ्यायचं असेल तर घ्यावं. पण स्नायूंसाठी, व्यायामानंतरचं प्रोटीन म्हणून, नाही. आणि 'पॅलिओ' या शिक्क्याला अमेरिकेच्या एफडीएची किंवा आपल्या एफएसएसएआयची (अन्नावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्था) कसलीही व्याख्या नाही, काही खासगी संस्था फी घेऊन शिक्का देतात आणि काही कंपन्या तर नुसतंच छापतात.

तुमच्या कोचने तुम्हाला व्हे सोडायला लावली याचं मला वाईट वाटतं, कारण दूध पचत नाही म्हणून सोडली असती तर ठीक होतं, पण तुम्ही लिहिलंय की व्हेचा कधीच त्रास झाला नव्हता.

मुळात तुम्हाला शेकची गरज आहे का हे तर बघूया. व्यायाम करणाऱ्या माणसाला किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळालं की त्याच्यापुढे स्नायूंना फारसा जास्त फायदा दिसत नाही, २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यातून हे निघालं. ८० किलोला १२८ ग्रॅम. आता तुमचं खाणं, तुम्हीच लिहून पाठवलेलं: सकाळी तीन अंडी, धरा १९ ग्रॅम. दुपारी शिजवलेलं चिकन १५० ग्रॅम, त्याचे ४५. रात्री २०० ग्रॅम सामन किंवा दुसरा मासा, त्याचे ४०. मूठभर बदाम ६. भाज्या आणि बाकी किरकोळ ५. बेरीज ११५ होते. म्हणजे तुमच्याकडे तूट आहे ती १३ ग्रॅमची, आणि १३ ग्रॅम म्हणजे दोन अंडी. दोन उकडलेली अंडी. त्यासाठी महिन्याला तीन डबे, १९२ डॉलर, आणि तेही अशा प्रोटीनवर जे स्नायूंच्या हिशोबात जवळपास धरताच येत नाही. तुम्ही चांगलं खाताय हो, तुमचं ताट आधीच व्यवस्थित आहे, ते कोणी मोजूनच दाखवलं नव्हतं तुम्हाला.

तरी व्यायामानंतर लगेच काहीतरी हवं असं वाटतं, ती भूक खरी असते. मग डब्यात उकडलेली अंडी न्या, टूनाचा नाहीतर सार्डीनचा टिन न्या, एका लहान टिनमध्ये सहज २० ग्रॅम प्रोटीन असतं आणि सार्डीन काट्यासकट खाल्लं तर कॅल्शियमही मिळतं. आणि कॅल्शियमचा विषय पॅलिओवाल्यांनी गंभीरपणे घ्यायला हवा, दूध-दही पूर्ण बंद केल्यावर ते येणार कुठून, याकडे कोणीच बघत नाही, सगळे प्रोटीन प्रोटीन करतात. तीळ, हिरव्या पालेभाज्या, काट्यांसकट छोटे मासे, हे रोज हवं. सुके मासे खाणारे असाल तर जवळा, सुकट, सोडे, सुके बोंबील यांच्याइतकं सोयीचं पॅलिओ प्रोटीन मला दुसरं सुचत नाही. सुक्या बोंबलात १०० ग्रॅमला ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे पावडरीच्या जवळ जाणारं. जवळा नीट धुऊन, ओलं खोबरं, लसूण, कांदा, कोकम घालून परतला तर त्यात पॅलिओला न चालणारं काहीच नाही. मीठ जास्त असतं एवढंच, बीपी असेल तर जपून, आणि भिजवून ते पाणी टाकून द्यायचं.

कच्ची अंडी शेकमध्ये फोडून पिऊ नका, जिममध्ये अजूनही ही पद्धत आहे. साल्मोनेलाचा धोका आहेच पण प्रोटीनही पूर्ण मिळत नाही, १९९८ मध्ये बेल्जियममध्ये मोजलं होतं, शिजवलेल्या अंड्यातलं ९१ टक्के प्रोटीन पचलं आणि कच्च्यातलं फक्त ५१ टक्के. अजून एक चूक खूप दिसते, बाजारातल्या बदाम दुधात केळं घालून शेक करायचा आणि समजायचं की प्रोटीन झालं. त्या दुधाच्या कपात बहुतेक वेळा एखादाच ग्रॅम प्रोटीन असतं.

आणि समजा पावडर हवीच आहे, सकाळी सहाला घर सोडता, ट्रेनचा प्रवास, ऑफिसात मासे उघडून खायची सोय नाही, हे मी समजू शकते. तेव्हा पॅलिओ पाळणाऱ्याला मी अंड्याच्या पांढऱ्याची साधी पावडर सांगते, ज्यात घटकांच्या यादीत एकच नाव आहे. ८० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, सगळी अमिनो आम्लं पूर्ण, दूध नाही, डाळ नाही. फेस फार होतो, जोरात हलवायचं नाही, आधी थोड्या पाण्यात कालवून मग बाकीचं पाणी घालायचं. किंवा मग सरळ कबूल करा की मी बाकी सगळं पॅलिओ खातो आणि व्हे आयसोलेट तेवढं घेतो, बिनफ्लेवरचं. मला तर हा मार्ग जास्त पटतो. दूध पचत असेल, ॲलर्जी नसेल, तर एका स्कूप व्हेने तुमचा पॅलिओ बुडत नाही, आणि पैसेही कमी लागतात. दुधाच्या प्रोटीनची खरी ॲलर्जी असेल तर मात्र आयसोलेटसुद्धा नाही, लॅक्टोज न पचणं आणि ॲलर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत.

घटकांची यादी का म्हणते मी सारखी, तर चॉकलेट किंवा व्हॅनिला फ्लेवरच्या डब्यांत काय काय असतं ते बघा: सुक्रालोज नाहीतर एसिसल्फेम पोटॅशियम, झँथन गम, ग्वार गम (हा तर आपल्या गवारीच्या बियांपासून होतो, म्हणजे कडधान्यच झालं), माल्टोडेक्स्ट्रिन, सोया लेसिथिन. पॅलिओ शिक्क्याच्या डब्यांत याऐवजी स्टीव्हिया, मंक फ्रूट, नारळाची साखर. नारळाची साखर ही साखरच आहे. एवढं सगळं घातलेली पावडर पॅलिओ आणि घरची नाचणीची भाकरी पॅलिओ नाही, असा निकाल ज्या यादीतून निघतो त्या यादीवर माझा तरी विश्वास बसत नाही.

शुद्धतेचा प्रश्न महागड्या डब्यांनाही सुटलेला नाही. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या, तेव्हा साधारण ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खरा नव्हता आणि काहींत तर बुरशीचं अफ्लाटॉक्सिन निघालं. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२५ मध्ये २३ उत्पादनं तपासली आणि दोन तृतीयांशाहून जास्त उत्पादनांच्या एकेका सर्व्हिंगमध्ये त्यांनी ठरवलेल्या दिवसाच्या मर्यादेपेक्षा जास्त शिसं निघालं, वनस्पतींपासून केलेल्या पावडरींत सगळ्यात जास्त. अमेरिकेत सप्लिमेंट विकायला आणायच्या आधी एफडीएची मंजुरी लागत नाही, त्यामुळे घ्यायचीच असेल तर एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट किंवा इन्फॉर्म्ड स्पोर्ट असा बाहेरच्या तपासणीचा शिक्का असलेलीच घ्या. हा शिक्का 'पॅलिओ' शिक्क्यापेक्षा कितीतरी कामाचा.

भारतात आयसीएमआर (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रोटीन सप्लिमेंट टाळाच असं सांगितलंय. मी इतकी कडक नाही. ज्यांचं जेवणच जात नाही अशी वयस्कर माणसं, मोठ्या ऑपरेशननंतरचे पेशंट, यांना मी स्वतः पावडर देते आणि त्याने फरक पडताना बघते. पण तुमच्यासारख्या नीट खाणाऱ्या, नीट पचणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला ती सूचना लागू पडते असंच मी म्हणेन. एक मात्र करा, घरात मधुमेह किंवा बीपी असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि युरिक ॲसिड तपासून घ्या, मांस-मासे भरपूर खाणाऱ्या माणसाने युरिक ॲसिडकडे दुर्लक्ष करू नये.

आता बायकोचं. त्या शाकाहारी आहेत, अंडं खातात. कोलॅजन आणि बोन ब्रॉथ हे कुठल्याही रूपात मांसाहारीच आहे, प्राण्याच्या कातडी-हाडांशिवाय ते होतच नाही, त्यामुळे त्यांना देणं हा प्रश्नच येत नाही. आणि तुमच्याही डब्यावर 'बोवाइन' लिहिलेलं असेल तर ते गुरांचं आहे, तुम्ही बीफ खात नसाल तर हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं, कोचने सांगायला हवं होतं. कोंबडीच्या आणि माशांच्या कोलॅजनच्या पावडरी वेगळ्या मिळतात, पण आधी सांगितलं तसं स्नायूंसाठी त्याही उपयोगाच्या नाहीत.

त्यांना पॅलिओवरच आणू नका असं माझं स्पष्ट मत आहे. शाकाहारी माणसाच्या ताटातून डाळी, कडधान्यं, दही, ताक काढून घेतलं तर प्रोटीनला उरतं काय, अंडी आणि सुकामेवा, आणि मग ती तूट भरायला पावडर आणा, हे उलटं झालं. त्यांचं वजन तुम्ही लिहिलं नाहीये, समजा ५८ किलो, तर भारतीय शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम म्हणजे ४८ ग्रॅम प्रोटीन रोजचं. दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर मटकी नाहीतर मुगाची उसळ, वाटीभर दही, तीन पोळ्या आणि मूठभर शेंगदाणे, इथेच ५० होतात. त्यांच्या स्वयंपाकात काहीही कमी नाही. व्यायाम सुरू केला आणि जास्त हवं झालं तर अजून एक अंडं, पनीर, किंवा अर्धा स्कूप व्हे ताकात. व्हे घेताना एक बघायला सांगा, चीज करताना दूध फाडायला वापरलेलं रेनेट वासराच्या पोटातलं असू शकतं, शाकाहारी लोकांनी मायक्रोबियल रेनेट लिहिलेलं किंवा शाकाहारी खूण असलेलं घ्यावं.

आणि एकाच घरात दोन वेगळी ताटं होतात, स्वयंपाक दुप्पट होतो, हे काम बहुतेक वेळा बायकोवरच पडतं. तुमच्या ताटात भाज्या, अंडी, मासे आणि त्यांच्या ताटात त्याच भाज्या, वरण, पोळी असं ठेवलंत तर एकाच ओट्यावर निभतं. मासे तुम्ही स्वतः करा.

भावासाठी डबा आणायचं डोक्यातून काढा. भारतात गोमांस आणि गोमांस असलेली कुठलीही उत्पादनं आयात करायला बंदी आहे, आणि गुरांच्या कोलॅजनचा डबा घेऊन कस्टम्समध्ये उभं राहायची वेळ कशाला आणायची. त्याला शेक हवाय म्हणजे नेमकं काय हवंय ते आधी विचारा, तो दिवसभरात काय खातो ते चार ओळीत लिहून पाठवायला सांगा, मी बघून सांगते.

घरात आत्ता जे दोन डबे आहेत ते फेकू नका, त्यात अपायकारक काही आहे असं मी म्हणत नाहीये, आणि बोवाइन लिहिलेलं असूनही तुम्हाला चालत असेल तरच ठेवा. संध्याकाळच्या सूपमध्ये किंवा कॉफीत रोज एक स्कूप घालून संपवा, पण दिवसाच्या १२८ ग्रॅममध्ये ते धरू नका. नवीन मागवू नका, आणि ऑनलाइन दर महिन्याला आपोआप येणारी ऑर्डर लावलेली असेल तर ती आजच बंद करा.